भाऊ खाटेवर पडून कापूस वेचत होता : अ‍ॅट्रोपिनबद्दल विचारायचं आहे

कोरडवाहू
राम राम मंडळी. मी राळेगाव तालुक्यातला. साडेचार एकर, त्यात यंदा तीन एकर पऱ्हाटी. मागचे नऊ दिवस जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले, म्हणून इकडे फिरकलो नाही.

धाकट्या भावाला फवारताना औषध लागलं. दुपारपर्यंत अकरा पंप मारले होते. वारा फिरला, तरी हा थांबला नाही, पऱ्हाटी छातीएवढी. मी शिदोरी घेऊन गेलो तर धुऱ्यावर बसलेला. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, बनियान पिळावं इतका घाम. माझ्यासमोर तीनदा ओकला आणि पँटही खराब झाली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. गावात सुई टोचणारे एक आहेत, ते म्हणाले ऊन लागलं, सलाईन लावू. त्यात पाऊण तास गेला. मग १०८ बोलावली.

तिथं आत घेतल्याबरोबर अ‍ॅट्रोपिन सुरू. दर पाच मिनिटांनी. फोडलेल्या कुप्यांनी ट्रे भरला. लाळ आटली, छातीतली घरघर गेली, आम्ही श्वास घेतला. दुसऱ्या रात्री मात्र भाऊ बदलला. तोंड लालबुंद, अंग तापलेलं, जीभ खडखडीत, आणि हात सारखे हवेत. मला कळेना काय करतोय. आईनं ओळखलं. "कापूस येचून राह्यला रे तो." खरंच. तीन बोटांनी बोंडातून ओढायचा आणि कमरेच्या ओटीत टाकायचा. कमरेला ओटी कुठली, लघवीची नळी होती.

आई म्हणते सुया जास्त झाल्या. मामा म्हणतात लागिर आहे, लिंबू उतरवा. (उतरवलं. नर्सबाईंनी बाहेर काढलं, मामांनाही.)

भाऊ आता घरी आहे, नीट बोलतो. ती रात्र त्याला आठवत नाही. मला एवढंच विचारायचं आहे : विष उतरवायच्या औषधानं माणूस असा वेडा होतो का? आणि टाचणीएवढ्या बाहुल्या दुसऱ्या दिवशी चवलीएवढ्या कशा झाल्या? दीड एकर फवारायचं राहिलंय, त्याचं पण सांगा.

संत्राबर्फी
भाऊ वाचला, हे पहिले. बाकी बाता मंग. त्याले राम राम सांगा.

रात्रपाळी
चौदा वर्षं आयसीयूत काढली आहेत, त्यातला प्रत्येक पावसाळा फवारणीवाल्यांचा. तुमच्या आईंनी बरोबर ओळखलं. अ‍ॅट्रोपिन डोक्यात चढलं की हात हेच करतात, आणि ज्याचे हात आयुष्यभर जे करत आले तेच करतात. गोंदियाकडची एक बाई रात्रभर विड्या वळत होती. पान, तंबाखू, दोरा, सगळं हवेत. एक ट्रॅक्टरवाले काका गिअर बदलत होते, माझाच हात धरून.

कोरडवाहू भाऊ, एक विचारते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांना उशीवरून मान उचलता येत होती का? कोणी तपासली होती का? मग सांगते का विचारलं ते.

पेठेतला_पोपट
वाईट वाटलं. पण एक कळत नाही : हातमोजे, मास्क, गॉगल, एप्रन एवढं साधं किट असताना लोक घालत का नाहीत? डब्यावर लाल त्रिकोण असतो, सूचना असतात. थोडी जागरूकता हवी.

उमरीचा_सालदार
पोपटभाऊ, तुमी या. पाठीवर सोळा लिटरचा पंप, खाली चिखल, वरतून उकाडा, पऱ्हाटी तोंडाले लागते. त्याच्यात रेनकोटासारखं ते एप्रन घालून एक तास फवारून दाखवा. पाह्यले आमीच येऊ, टाळ्या वाजवाले. अन् ते लाल तिकोन म्हंता, सांजच्याले दुकानात जे भेटते ते आणतो, त्याच्यावरचे अक्षर मुंगीएवढे.

पेठेतला_पोपट
सालदार भाऊ, माफी. रेनकोट घालून पर्वती चढलो होतो एकदा, तेव्हा अर्ध्यात काढला होता. मुद्दा पटला.

भिवापुरी_मिरची
मी हा विषय शिकवते, त्यामुळे लांबण लागेल.

आपल्या शरीरात जी कामं न सांगता चालतात, म्हणजे नाडी, लाळ, घाम, आतडी, बाहुली, लघवीची पिशवी, ती दोन प्रकारच्या नसांच्या ताब्यात असतात. एकीला पळायची घाई, दुसरी जेवून निवांत बसणारी. दुसरीचा निरोप अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन पोचवतं. नसेच्या टोकातून ते सुटतं, समोरच्या पेशीवरच्या कुलपात बसतं, काम होतं, आणि लगेच एक एन्झाइम येऊन त्याचे तुकडे करतं. निरोप दिला, संपला. हे झाडलोट करणारं एन्झाइम आहे म्हणूनच आपल्या तोंडातून सारखी लाळ गळत नाही.

तुमच्या वावरातलं जे औषध आहे (माझा अंदाज ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं), ते या झाडणाऱ्यालाच बांधून टाकतं. मग निरोप साचतो. लाळ सांगितली, थांबायला कोणी सांगत नाही. घाम, जुलाब, उलटी, छातीत पाणी, नाडी मंद, बाहुली बारीक. तुम्ही धुऱ्यावर जे पाहिलंत ते सगळं एकाच कारणानं.

अ‍ॅट्रोपिन विष काढत नाही. बांधलेल्या एन्झाइमला सोडवतही नाही. ते फक्त कुलपात जाऊन बसतं, म्हणजे साचलेल्या निरोपाला जागाच उरत नाही. म्हणून सगळं उलटं होतं : लाळेऐवजी कोरडी जीभ, घामाऐवजी तापलेली कातडी, मंद नाडीऐवजी धावती नाडी, टाचणीऐवजी चवली. तेच कुलूप मेंदूतही आहे, म्हणून कापूस.

आणखी एक : कुलपं दोन जातींची असतात. हातापायाच्या आणि श्वासाच्या स्नायूंवरची जात वेगळी. तिथं अ‍ॅट्रोपिनची किल्ली चालत नाही. रात्रपाळी ताईंचा मानेचा प्रश्न तिथूनच आलाय.

झुणकाभाकर
म्हणजे नस तोंडानं बोलत नाही, चिठ्ठी पाठवते. हे शोधलं कोणी?

भिवापुरी_मिरची
ओटो लोवी, १९२१. दोन बेडकांची हृदयं घेतली, द्रवात धडधडत ठेवलेली. एकाची नस अजून जोडलेली होती. ती नस चाळवली, तसं ते हृदय मंदावलं. त्याच्याभोवतीचा द्रव काढून दुसऱ्या हृदयावर ओतला, ज्याला नस नव्हतीच. तेही मंदावलं. म्हणजे नसेनं काहीतरी द्रवात सोडलं होतं. हा प्रयोग त्यांना म्हणे झोपेत सुचला. पहिल्या रात्री कागदावर खरडून ठेवला, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री पुन्हा सुचला, तेव्हा उठून थेट प्रयोगशाळा गाठली. १९३६ चं नोबेल हेन्री डेल यांच्यासोबत.

झुणकाभाकर
माझ्या बायकोला माझं अक्षर लागत नाही, नोबेल तेवढं राहिलंय.

अडाणकाठ
कोणी २०१७ काढलं नाही म्हणून लिहितो. त्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीसहून जास्त जीव गेले, शेकडो माणसं दवाखान्यात. आमच्या गावचे दोघे भरती होते. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्यावर गेली होती, फवारा वर धरायचा आणि तोच तोंडावर यायचा. त्यात बॅटरीचे नवे पंप, धुक्यासारखा बारीक फवारा. अन् दोन-तीन औषधं, वरून टॉनिक, एकाच पंपात. कोणतं लागलं हे डॉक्टरांना सांगायचं तरी काय?

बोलायचं तर भाषेतच घोळ आहे. आपण किड्यासाठीच्या विषालाही औषधच म्हणतो. आमच्या चुलत्याला दवाखान्यात विचारलं, "कोणतं औषध घेतलं?" तो म्हणाला, "बीपीचं, सकाळी एक." डॉक्टर विचारत होते फवारणीचं.

रात्रपाळी
अडाणकाठ, हे रोजचं आहे. म्हणून सांगत असते, डबा घेऊन या. रिकामा असला तरी, फाटकं लेबल असलं तरी. नाव सांगता येत नसेल तर लेबलाचा फोटो काढा.

गोळीबार
मी मेडिकल चालवतो (नाव पोरांनी ठेवलंय, गोळ्या विकतो म्हणून). मिरचीताईंनी जे कुलूप सांगितलं ते फक्त वावरात नाही, माझ्या काउंटरवर रोज उघडझाप होतं. पोटात मुरडा आला की लोक मागतात ती डायसायक्लोमिन त्याच कुलपात बसते, आतडं सैल करते. सर्दीच्या गोळीतल्या क्लोरफेनिरामिनलाही थोडी तीच खोड आहे. म्हणून नाक सुकतं, तोंड सुकतं, झोप येते.

मागच्या थंडीत सत्तरीचे एक आजोबा सर्दीची गोळी घेऊन गेले, रात्री मुलगा धावत आला : बाबांची लघवी बंद. प्रोस्टेट आधीच मोठी, त्यात गोळीनं पिशवीचा जोर काढून घेतला. नळी टाकावी लागली. तेव्हापासून पांढऱ्या केसाचा माणूस सर्दीची गोळी मागायला आला की मी आधी विचारतो, "धार कशी आहे?" काही जण चिडतात. एक म्हणाले, "कुठची, विहिरीची?"

तुरीच्या_शेंगा
आमच्याकडे उलट कुलूप झालं होतं. आजीला काचबिंदू, शिबिरात थेंब दिले. आठ दिवसांनी रात्री दम. ती पंधरा वर्षांपूर्वीची दमेकरी, आम्ही विसरलेलो. फुप्फुसाचा एक्स-रे, रक्त, सगळं झालं. शेवटी एका तरुण डॉक्टरनं विचारलं, डोळ्यात काय घालता? टिमोलॉल. थेंब बंद, दम बंद. डोळ्यात घातलेला थेंब छातीत जातो हे आजीला अजून पटत नाही. ती म्हणते, "डोळ्याची नळी नाकात उतरते, छातीत कशी उतरंन?"

भिवापुरी_मिरची
आजी अर्ध्या बरोबर आहेत. थेंब नाकात उतरतो, तिथल्या पातळ अस्तरातून रक्तात जातो, पोटा-यकृताची वाट चुकवून. ही पळणाऱ्या नसेची कुलपं. अल्फा आणि बीटा असे त्यांचे दोन गट अल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये पाडले. श्वासनळीवरचं बीटा कुलूप उघडं राहिलं तर नळी रुंद राहते, टिमोलॉल ते बंद करतं. दम्याचा पंप तेच उघडतो, म्हणून पंप घेतल्यावर हात थरथरतात आणि छाती धडधडते. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरला तर रक्तात कमी जातं. पण दमेकऱ्याला ते देऊच नये.

संत्राबर्फी
आमच्या कॉलेजच्या होस्टेलात महाशिवरात्रीले दोन पोट्ट्यांनी भांगेत धोत्र्याच्या बिया घातल्या, चव येते म्हणून. एक जण रात्रभर भिंतीशी नमस्कार करून राह्यला, दुसरा स्वतःच्या चपलीले फोन समजून बापाशी बोलला. डोळे असे मोठे की बल्ब लावला तर ओरडे. आता कोरडवाहूचं वाचून समजलं.

भिवापुरी_मिरची
धोत्र्यात अ‍ॅट्रोपिन आणि त्याची भावंडंच असतात. म्हणजे तुमच्या मित्रांनी फवारणीवाल्याचं औषध घेतलं, फवारणी न करता. हसण्यावारी नेऊ नका, धोत्र्यानं माणसं मरतात. बियांमध्ये किती आहे हे झाडागणिक बदलतं.

उमरीचा_सालदार
ताई, मंग एक इचार आला. कुलपात आधीच अ‍ॅट्रोपिन बसवून गेलं तं? सकाळी एक सुई टोचून घेतली का दिवसभर फवारा. काय म्हंता?

रात्रपाळी
सालदार दादा, अजिबात नाही!! हा विचार तुम्हाला एकट्याला आलेला नाही, म्हणून ओरडते आहे.

भिवापुरी_मिरची
प्रश्न हुशार आहे, उत्तर नाही असंच आहे. घामाच्या ग्रंथी पळणाऱ्या नसेच्या ताब्यात आहेत, पण ती नस तिथं चिठ्ठी अ‍ॅसिटिलकोलिनचीच पाठवते. तेवढा एक अपवाद. अ‍ॅट्रोपिन घेतलं की घाम बंद. आपल्याकडच्या उन्हात पंप पाठीवर घेऊन, घाम बंद करून, वावरात उभं राहा : विष लागायच्या आधी उष्माघात. दुसरं, लाळ आणि घाम ही धोक्याची घंटा असते. ती बंद केली तर माणूस आणखी चार पंप मारेल. आणि श्वासाचा स्नायू तर अ‍ॅट्रोपिन राखतच नाही.

उमरीचा_सालदार
घंटा बंद करू नये. समजलं.

ढोरांचा_डॉक्टर
माणसांच्या धाग्यात ढोरांचं लिहितो. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात एका बैलानं फवारणीची बादली चाटली. लाळेची दोरी जमिनीपर्यंत, पोट सैल, पाय थरथरत. तेच अ‍ॅट्रोपिन, बैलाच्या वजनाच्या हिशेबानं. मालक विचारत होता, "साहेब, एवढ्या कुप्या?" वाचला. पोळ्याला झूल घालून आणला तर रवंथ नव्हता, पोट फुगलेलं, तोंड कोरडं. पोट थांबणं हे या औषधाचं देणं असतं, मोठ्या ढोरात जास्त जपावं लागतं. एक कमी-जास्त झालं की दुसरं उभं राहतं.

भूलवाला
मूळ प्रश्नावर. "सुया जास्त झाल्या" असं लगेच म्हणू नका. सुरुवात तीन ते पाच कुप्यांनी होते (आपल्याकडच्या एका कुपीत ०.६ मिलिग्रॅम), आणि दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट, छाती कोरडी होईपर्यंत. वाईट केसमध्ये पहिल्या तासात पन्नास-शंभर कुप्या लागलेल्या मी पाहिल्या आहेत. अशा वेळी हात आखडणारा डॉक्टर पेशंट बुडवतो, तोही कोरड्या खाटेवर, स्वतःच्याच छातीतल्या पाण्यात. बाहुली बघून सुई द्यायची नसते. छाती ऐकायची, काखेत हात घालून बघायचा, नाडी ८० च्या वर, आणि रक्तदाब.

पण दुसऱ्या रात्री ताप, बडबड, पोटाचा आवाज गेलेला, म्हणजे ठिबक कमी करायची वेळ झाली होती. तुमच्या भावाच्या बाबतीत ती कमी केली का?

कोरडवाहू
हो. पहाटे डॉक्टर आले, पोटावर स्टेथो लावला, काखेत हात घातला, ठिबक बंद करून दोन तासांनी अर्ध्यावर सुरू केली. दुपारपर्यंत कापूस वेचणं थांबलं. आईला वाटतं लिंबामुळे.

डब्यावर प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन दोन्ही लिहिलंय. आणि पाम नावाची आणखी एक सुई दिली होती, ती कशाची?

भूलवाला
प्रोफेनोफॉस हे मिरचीताईंनी सांगितलेल्या ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलंच. पाम म्हणजे प्रॅलिडॉक्झिम. ते बांधलेल्या एन्झाइमला सोडवायचा प्रयत्न करतं. लवकर दिलं तरच. वेळ गेला की विषाची पकड पक्की होते. सायपरमेथ्रिनवर अ‍ॅट्रोपिन आणि पाम दोन्हींचा उपयोग नाही, तो भाग वेगळा. माझं स्पष्ट मत : प्रोफेनोफॉसच्या घराण्यावर पामचा फार भरवसा धरू नये.

भिवापुरी_मिरची
भूलवाला, पकड पक्की व्हायच्या आत दिलं तर का नको? सगळीकडे एकच माप लावू नका.

भूलवाला
द्या ना, मी कुठं नको म्हणालो. अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत, हे नातेवाइकांना माहीत असावं. पामची कुपी मिळाली नाही म्हणून पेशंट वाऱ्यावर सोडला असं होऊ नये. अ‍ॅट्रोपिन, ऑक्सिजन आणि श्वासाकडे लक्ष, हे आधी.

तुरीच्या_शेंगा
विंचवाचं पण असंच काही आहे ना? आमच्या काकांना लाल विंचू चावला तेव्हा गोळी दिली होती, बीपीची.

भिवापुरी_मिरची
प्राझोसिन. लाल विंचवाचं विष पळणाऱ्या नसेला पिसाळून सोडतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी होतं. प्राझोसिन अल्फा कुलूप बंद करून वाहिन्या सैल करतं. आपल्या कोकणातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे काम केलं, जगभर वाचलं गेलं. गोळी घेतल्यावर पेशंटनं झटकन उठू नये, डोळ्यांपुढे अंधारी येते. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या आजोबांनाही हेच सांगा : रात्री उठताना आधी खाटेवर बसा, मग पाय खाली.

गोळीबार
"धार कशी आहे"नंतर माझा दुसरा प्रश्न आता हा.

रात्रपाळी
कोरडवाहू भाऊ, मानेचं सांगा ना. दोन दिवस वाट बघतेय.

कोरडवाहू
ताई, तुमचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. तिसऱ्या दिवशी आम्ही खुश होतो, शुद्धीवर आला, पाणी मागितलं. पण पेला तोंडाशी नेताना मान उशीवरून उठत नव्हती. मला वाटलं अशक्तपणा. तिथल्या सिस्टरनं डोकं उचलायला सांगितलं, जमेना, लगेच डॉक्टरांना बोलावलं. दोन दिवस श्वासाची मशीन बाजूला आणून ठेवली होती, लावावी लागली नाही. आम्हाला कोणी कारण सांगितलं नाही.

रात्रपाळी
म्हणूनच विचारलं. एक ते चार दिवसांत, सगळं बरं वाटत असताना, मानेचे स्नायू आधी सैल पडतात आणि मग श्वासाचे. घाम, लाळ काही नसतं, त्यामुळे घरचे म्हणतात आता घरी नेऊ. माझ्या डोळ्यांदेखत दोघांना नेलं, एक परत आला. मान उचलत नसेल तर दवाखाना सोडायचा नाही, एवढं सगळ्यांनी लक्षात ठेवा. त्या सिस्टरला माझा नमस्कार कळवा.

अडाणकाठ
गावात प्रथमोपचाराचं पण लिहून ठेवा कोणी. आमच्याकडे अजून गूळ-ताक पाजतात.

रात्रपाळी
कपडे काढा, सगळे, लाज ठेवू नका. साबणानं आणि भरपूर पाण्यानं अंग धुवा, केस, नखं, कानामागं पण. धुणाऱ्यानं हातात प्लास्टिकची पिशवी तरी घालावी. ओकारी काढू नका, दूध-ताक-गूळ काही नको. कुशीवर झोपवा. डबा सोबत. १०८. सलाईन लावून घेण्यात वेळ घालवू नका, हे कोरडवाहूंनीच सांगितलंय.

कोरडवाहू
दीड एकराचं कोणी सांगितलं नाही.

भिवापुरी_मिरची
भावानं फवारायचं नाही, या हंगामात तरी. एन्झाइम परत तयार व्हायला वेळ लागतो. लाल रक्तपेशींतलं तर नव्या पेशी आल्या तसंच भरतं, आणि पेशी सुमारे १२० दिवस जगते. आता त्याच्याकडे झाडणारे कमीच आहेत. पूर्वी अकरा पंपांनी जे झालं ते आता दोन-तीन पंपांनी होऊ शकेल. रक्तातली कोलिनएस्टरेजची (म्हणजे याच झाडणाऱ्या एन्झाइमची) तपासणी जिथं होते तिथं करून घ्या.

उमरीचा_सालदार
कोरडवाहू भाऊ, तुमचं गाव मले दूर नाही. सोमवारी येतो, दीड एकर म्हंजे दोन सकाळचं काम. सहाले सुरू, नवाले बंद, वाऱ्याले पाठ देऊन. लांब बाह्या, तोंडाले दुपट्टा ओला नाही कोरडा. पोपटभाऊचे हातमोजे असन तं पाठवा.

पेठेतला_पोपट
खरंच पाठवतो. व्यनि करा पत्ता. चार जोड्या पुरतील?

कोरडवाहू
सालदार भाऊ, काय बोलू. जेवण आमच्याकडे, आई म्हणते भरीत करते.

भावाला काल हा धागा वाचून दाखवला. कापूस वेचण्याचं ऐकून हसला, मग म्हणाला, "रातभर येचला तं किती झाला?" आईनं गंभीरपणे हिशेब केला, बाई दिवसाला वेचते तेवढा रात्रीत धरून, चाळीसेक किलो.

संत्राबर्फी
चाळीस किलोची येचाई बाकी आहे त्याची. दवाखान्याच्या बिलातून कापा.